आधी कुणी उठायचं

बेळगावातल्या आमच्या हॉस्पिटलात सर्व्हर तीन आहेत आणि मानकरी मोजायला गेलं तर तीस निघतील. सर्व्हर मी सांभाळतो, मानकरी आपापला मान सांभाळतात. माझं नाव समर्थ. येळ्ळूरहून रोज दुचाकीनं येतो आणि तळघरातल्या थंड खोलीत बसतो. प्रिंटरमध्ये कागद अडकला की वरच्या मजल्यांना माझी आठवण येते. एरवी मी आहे की गेलो, याची कुणी चौकशी करत नाही.

तसं बघितलं तर खोलीतले ते तीन सर्व्हर वरच्या माणसांपेक्षा बरेच शहाणे. एका लोखंडी कपाटात एकावर एक बसलेले असतात. प्रत्येकाच्या पोटात तीन-चार संगणक चालतात. हे संगणक डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एक औषधाच्या दुकानाचं, एक केसपेपरचं, एक लॅबचं, अशी एकूण नऊ. नवांचा सगळा माल सामाईक कोठारात ठेवलेला असतो, म्हणजे कुठल्याही सर्व्हरनं हात घालावा आणि कुठलंही मशीन चालू करावं. तिघं सारखे एकमेकांना विचारत असतात, आहेस का, आहेस का. एखाद्याचं उत्तर आलं नाही की उरलेले दोघं ओळखतात, हा गेला. मग त्याच्या पोटातली मशीन ते आपल्याकडे नव्यानं उठवतात. दोन मिनिटांचं काम. कुणी बैठक बोलवत नाही, कुणी चेअरमनची सही मागत नाही.

फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक म्हणजे, उठलेलं मशीन पहिल्यापासून सुरू होतं. बोलता बोलता पडलं असेल तर तोंडातलं वाक्य गेलं ते गेलंच. दुसरी म्हणजे जागा. तिघांतला एक पडला तर बाकीचे सगळा भार उचलतात. दोन पडले तर एकट्याच्या पोटात नऊ मावत नाहीत. मग कुणी आधी उठायचं आणि कुणी पडून राहायचं, याची एक यादी लागते. ती यादी सर्व्हर करत नाहीत. ती माणसांनी करून द्यायची असते, आणि घोळ तिथंच आहे.

आमची यादी जूनमध्ये झाली. चेअरमन डॉक्टर नागेंद्र यांनी सगळ्या विभागप्रमुखांना बोलावलं, चहा आणि काजूबिस्किटं मागवली. मी पंधरा मिनिटं समजावून सांगितलं की हा मानाचा प्रश्न नाही, अडचणीच्या वेळी रुग्णाला आधी काय लागेल एवढाच प्रश्न आहे. सगळ्यांनी माना हलवल्या, आणि मग सगळ्यांनी पहिला नंबर मागितला.

ते बघून मला आमच्या गावची जत्रा आठवली. तिथं आमच्या घराला तिसऱ्या नारळाचा मान आहे. एका वर्षी भावकीतल्या चुलत्यानं तो आमच्या आधी फोडला म्हणून आजोबा त्याच्याशी सहा वर्षं बोलले नव्हते. इथं तर डिग्रीवाले लोक होते, म्हणजे भांडण जास्त सभ्य आणि जास्त लांब. शेवटी चेअरमननी निवाडा केला. पहिला नंबर कॅमेऱ्यांना, कारण ते सगळं हॉस्पिटल स्वतःच्या मोबाइलवर बघतात. दुसरा नंबर स्वागतकक्षातल्या टीव्हीला, ज्यावर ते स्वतः हात जोडून दिसतात. तिसरा हजेरीच्या अंगठ्याला, कारण हजेरीचा प्रमुख त्यांचा मेहुणा. चौथा कँटीनला, कारण कँटीनवाला भांडायला पटाईत. असं करत करत आठ नंबर झाले.

“लॅब राहिली, साहेब,” मी म्हणालो.

“लॅबचं कोण आलंय?”

कुणीच आलं नव्हतं. लॅबचे प्रमुख डॉक्टर मार्चमध्ये सोडून गेले होते. तेव्हापासून सगळी लॅब सुविधा नावाची टेक्निशियन चालवत होती, पण टेक्निशियनला बैठकीला बोलवायची आमच्यात पद्धत नाही. म्हणून लॅब नववी, म्हणजे शेवटची. हे चूक आहे हे त्या खोलीत मला एकट्याला पक्कं कळत होतं, आणि मी मान डोलावली. मनातल्या मनात सगळ्यांना शेलक्या शिव्या घातल्या आणि दोन काजूबिस्किटं खाल्ली.

दोन दिवसांनी सुविधा तळघरात आली. मूळची निपाणीची, अठ्ठावीस-एकोणतीसची, कामाला वाघ आणि बोलायला मोजकी. हातात एक पत्र होतं, निळ्या शाईनं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं. लॅबचं मशीन शेवटी उठणार असेल तर अत्यवस्थ रुग्णांचे रिपोर्ट अडकतील, तरी लॅबला पहिल्या दोनांत घ्यावं, अशी विनंती होती. खाली सही, तारीख.

“यादीत शेवटी असायची आमच्या घराला सवय हाय, सर,” ती म्हणाली. “पण हितं आजारी माणसांचा प्रश्न हाय.”

“बरोबर हाय गं तुझं. बोलतो मी साहेबांशी.”

“पोच देताय न्हवं?”

“अगं, आपल्यातल्या आपल्यात कसली पोच? मी हाय की.”

ती गेली. मी पत्र वाचलं, शाबास म्हटलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. साहेबांशी बोलायचं म्हणजे कॅमेरे खाली आणा असं सांगायचं. आज सांगू, उद्या सांगू करत गणपती येऊन गेले.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. अॅम्ब्युलन्स धुतात, जनरेटरला झेंडू बांधतात, एक्स-रेच्या खोलीत ऊस उभा करतात. यंत्र बंद करून पुसायचं, कुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. शेतातल्या नांगराला ही विश्रांती परवडते. हॉस्पिटलला परवडत नाही, म्हणून दरवर्षी तडजोड करून एकेक यंत्र बंद ठेवतात. त्या वर्षी चेअरमनना सर्व्हरची पूजा करायची होती. महाग वस्तू आहे आणि पाहुण्यांना दाखवायला बरी.

मी शहाणपणा केला. सगळ्यात खालच्या तिसऱ्या सर्व्हरवरची मशीन चालू असतानाच वरच्या दोघांकडे सरकवली. कुणाला पत्ता लागला नाही. मग तिसरा रीतसर बंद केला, पुसला, पुढं पाट मांडला. इलेक्ट्रिशियन भरमाला बजावलं, “आज एक आपणच बंद केलाय. वरच्या दोघांतला एक जरी गेला तर जागा पुरायची न्हाय.” भरमा म्हणाला, व्हय.

साडेअकराला चेअरमन आले. सोबत बायको, मेहुणा, पाचसहा पाहुणे आणि भटजी. सगळ्यांनी एवढी थंड खोली कशाला म्हणून विचारलं, मी सांगितलं, कुणी ऐकलं नाही. भटजी पाटावर बसणार एवढ्यात चेअरमन कपाटाकडे बघत म्हणाले, “हे काय? थोरल्याला सोडून धाकट्याची पूजा?”

“थोरला कोण, साहेब?”

“वरचा. पहिला मान वरच्याचा. न्हाईतर सगळं उलटं व्हतंय.”

लोखंडाच्या तीन सारख्या डब्यांत थोरला-धाकटा बघायला विशेष नजर लागते. आमच्या चेअरमनना ती जन्मजात आहे.

“साहेब, तो चालू हाय,” मी म्हणालो.

“म्हणूनच म्हणतोय. चालू यंत्राला कुंकू लावत न्हाईत. भरमा, बंद कर.”

भरमानं माझ्याकडे बघितलं. मी बोलायला हवं होतं. लॅब आहे त्याच्यावर, एवढे तीन शब्द पुरले असते. पण पाहुणे बघत होते, भटजींनी शंख हातात घेतला होता, आणि मी पूजेच्या ताटातल्या सुपारीकडे बघत राहिलो. भरमानं बटण दाबून धरलं. पहिला सर्व्हर श्वास सोडल्यासारखा आवाज करून थांबला.

त्याच्या पोटात पाच मशीन होती. कॅमेरे, टीव्ही, हजेरी, कँटीन आणि लॅब. मधल्या सर्व्हरनं थोडा वेळ हाका मारल्या, उत्तर नाही म्हणून कामाला लागला. माझ्या पडद्यावर एकेक ओळ उमटत गेली. कॅमेरे उठले, टीव्ही उठला, हजेरी उठली, कँटीनही उठलं. पाचव्या ओळीवर लाल अक्षरं आली, जागा शिल्लक नाही. यंत्रानं काडीची चूक केली नव्हती. आम्ही दिलेली यादी त्यानं प्रामाणिकपणे वाचली होती.

चेअरमननी खिशातून मोबाइल काढला. कॅमेरे दिसत होते. “बगा,” ते पाहुण्यांना म्हणाले, “बंद केलं तरी आपोआप उठतंय. ह्याला म्हणायचं टेक्नॉलॉजी.” पाहुण्यांनी वाहवा केली. भटजींनी दोन्ही बंद सर्व्हरना कुंकू लावलं, नारळ फुटला, त्याचं उडालेलं पाणी सर्व्हरवर पडायच्या आत मी अंगानं अडवलं. त्या दिवशी मी केलेलं एकमेव चांगलं काम तेवढंच.

आरती चालू असतानाच फोन वाजला.

“सर, सुविधा बोलतोय. लॅब पडलीय.”

“माहीत हाय.”

“बोरगावची पेशंट हाय, तानीबाई. किडनीची. पोटॅशियम लई वाढलंय, रक्त तपासायच्या मशीनवर आत्ताच आकडा दिसतोय. पण वर आयसीयूत जाईना. रिपोर्ट बगितल्याबिगर तितले डॉक्टर हात लावत न्हाईत. किती वेळ लागंल?”

मी दोन मिनिटं म्हणणार होतो. सवयीनं तेच तोंडात आलं होतं. मग चेअरमनकडे गेलो आणि कानात सांगितलं की लॅब बंद आहे, खालचा सर्व्हर चालू करू द्या, दहा मिनिटांत उठेल.

“पूजा झालेलं यंत्र उद्या सकाळपर्यंत चालवायचं न्हाय. तुला कळंना व्हय रं?”

“मग कॅमेरे बंद करतो, साहेब. तेवढ्या जागेत लॅब बसते.”

“आज एवढी गर्दी हाय, पाहुणे हाईत. जेवणं उरकू देत. तासाभरानं काय व्हतंय?”

तासाभरानं काय होतं हे पोटॅशियमला विचारायला हवं होतं. ते फार वाढलं तर काळीज मध्येच थांबतं. चेअरमन स्वतः डॉक्टर आहेत, हे मी त्या क्षणी विसरलो होतो. बहुधा तेही विसरले होते. मी सुविधाला फोन करून सांगितलं, बघतो. बघतो म्हणजे काय हे आमच्या हॉस्पिटलात सगळ्यांना माहीत आहे.

तिलाही माहीत होतं. तिनं लॅबच्या वहीचं पान फाडलं, मशीनवरचा आकडा उतरवला, रुग्णाचं नाव, वेळ आणि स्वतःची सही घातली आणि जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर धावली. लिफ्टची पूजा चालली होती. आयसीयूतला डॉक्टर म्हणाला, हातानं लिहिलेलं चालत नाही, आपलं पेपरलेस हॉस्पिटल आहे. ती म्हणाली, सही माझी हाय, चुकलं तर मला धरा, पण इंजेक्शन आत्ता द्या. त्यानं दिलं. तानीबाई वाचली.

पाहुण्यांची जेवणं साडेतीनला उरकली. तोवर जवळजवळ चार तास सुविधा चिठ्ठ्या लिहीत होती आणि जिने चढत होती. एक्केचाळीस रिपोर्ट. एकही आकडा चुकला नाही. मग चेअरमन घरी जाऊन झोपले आणि मी कॅमेरे बंद करून लॅब उठवली. दोन मिनिटं लागली.

एवढ्यावर मिटलं असतं. पण तानीबाईचा मुलगा परशराम भला माणूस निघाला. त्यानं दसऱ्याला त्या चिठ्ठीचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकला. खाली लिहिलं की यंत्र बंद पडलं असताना एका ताईनं हातानं लिहून, पळत येऊन माझ्या आईचा जीव वाचवला. फोटो बोरगावातून निपाणीला, निपाणीतून बेळगावला आला आणि चेअरमनच्या मोबाइलवर पोचला. दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. आमच्या चेअरमननी चौकशी लावली. पेपरलेस हॉस्पिटलात चिठ्ठी निघालीच कशी?

गुरुवारी त्यांच्या खोलीत चौघं बसलो. चेअरमन, मेहुणा, सुविधा आणि तांत्रिक बाजू सांगायला मी.

“नियम मोडला,” मेहुणा म्हणाला. “संस्थेची बदनामी झाली.”

“लॅब बंद होती,” सुविधा म्हणाली.

“यादीप्रमाणं बंद होती. जूनमध्ये यादी झाली, तेव्हा लॅबनं काय मागणी केली का? काही लेखी हाय का?”

“दिलतं की. पत्र दिलतं.”

“कुणाला?”

तिनं माझ्याकडे बघितलं. बोट दाखवलं नाही, नुसतं बघितलं.

“पोच हाय?” चेअरमननी विचारलं.

“न्हाय.”

“काय रं समर्थ? आलतं काय असलं पत्र?”

जूनपासून मी या माणसांना मनात हसत होतो. त्यांच्या मानपानाची, त्यांच्या थोरल्या-धाकट्या सर्व्हरची घरी जाऊन टिंगल करत होतो. आणि आता तोंड उघडायची वेळ आली तेव्हा म्हणालो, “शोधून बगतो, साहेब.”

“बग. सोमवारपर्यंत पोच आली तर ठीक,” चेअरमन सुविधाला म्हणाले, “न्हाईतर राजीनामा दे. आम्ही काढलं असं दिसायला नको.”

मला माझी इतकी किळस कधी आली नव्हती. तळघरात येऊन ड्रॉवर उघडला. पत्र शोधायची गरजच नव्हती. ते वरच होतं, चहाचा एक गोल डाग पडलेलं.

दहा मिनिटांनी सुविधा आली. रडलेली नव्हती, चिडलेलीही दिसत नव्हती. तिनं पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. तेच पत्र, तेच निळं अक्षर. तिनं जूनमध्येच दोन प्रती लिहिल्या होत्या.

“ह्याच्यावर पोच द्या.”

“सुविधा, मी बोलणारच होतो गं, पण तितं...”

“बोलू नका, सर. सही करा. मिळालं त्या दिवसाची तारीख घाला, आणि आजची बी घाला. खोटं काय नको.”

“माझी नोकरी जाईल.”

“जाईल कदाचित. माझी तर सोमवारी जायलीय.”

ती उभीच होती. बस म्हणायचंही मला सुचलं नाही. मी पेन उचललं. जूनमध्ये पत्र मिळालं, वरिष्ठांना कळवलं नाही, पोच आज देत आहे, असं लिहिलं आणि सही केली.  मग तिच्यासमोरच यादी उघडली. लॅब पहिली केली, कॅमेरे नवव्यावर टाकले आणि पडदा तिच्याकडे वळवला.

तिनं वाचलं. “एवढंच व्हतं?”

“एवढंच.”

“दोन मिनिटं लागली, सर. जूनमध्ये बी दोनच लागली असती.”

कागदाची घडी घालून ती वर गेली. रक्ताचे नमुने खोळंबले होते.

सोमवारी चेअरमननी ते पत्र वाचलं, माझी पोच वाचली, परत पहिल्यापासून वाचलं. मेहुण्यानं वाचायला हात पुढं केला तर दिलं नाही. चिठ्ठीचा फोटो गावभर फिरलेला, त्यात आता तारखेची पोच. सुविधाला काढणं परवडणार नव्हतं हे त्यांना लगेच उमगलं. तिला म्हणाले, जा, कामाला लाग. ती गेली. मग यादी बदलल्याचंही मी सांगून टाकलं. मला वाटलं, तानीबाई कशी आहे असं तरी विचारतील.

“कॅमेरे कितव्या नंबरला गेले?” त्यांनी विचारलं.

“नवव्या.”

संध्याकाळी मला नोटीस आली. पत्र दडवून ठेवल्याबद्दल आणि यादी परस्पर बदलल्याबद्दल तुमच्यावर कारवाई का करू नये, तीन दिवसांत खुलासा द्या. पहिला आरोप खरा होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. दुसऱ्या दिवशी मी खुलासा लिहिला. चालू यंत्राला कुंकू लावण्यापासून तासाभरानं काय होतंय इथपर्यंत सगळं लिहिलं, आणि सुपारीकडे बघत बसलो होतो तेही लिहिलं. दोन प्रती काढून मेहुण्याच्या टेबलावर ठेवल्या.

“ठेवून जा,” तो म्हणाला. “आपल्यातल्या आपल्यात पोच कशाला?”

मी खुर्ची ओढून समोर बसलो आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट सही मिळेपर्यंत तिथून हललो नाही.